शनिवारची खुर्ची

महादेवीवहिनींचा उदगीरहून फोन आला तेव्हा मी नातीच्या वहीतल्या चुकांवर लाल रेघा ओढत होते. "आप्पा गेले गं..." एवढंच म्हणाल्या. मी पेनाला टोपण लावलं.

आप्पा म्हणजे वहिनींचे यजमान, आमचे शिवलिंगप्पा साहेब. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा पाणीटंचाईच्या ऑफिसात गाठोड्यांत बांधलेल्या फायली होत्या आणि धड, गादीची खुर्ची एकच, साहेबांची. शनिवारी काम संपलं की ते तिच्यातून उठायचे. आठवड्यात ज्याची चूक झाली त्यानं तिथं बसून ती सांगायची, साहेब समोर स्टुलावर. रागावणं नाही, मेमो नाही. शेवटी एवढंच विचारायचे, "मग, काय कळलं?" शिपाई रहीमभाई म्हणायचे, "मी तर गादीसाठीच चुका करून राहिलो, साहेब!"

मी तिथं नवी कारकून, नांदेडची, पहिल्या श्रेणीत पास, नाक कायम वर. त्या खुर्चीत कधी बसले नाही याचा केवढा तोरा मला! त्या उन्हाळ्यात टँकरची यादी माझ्याकडे होती. एका गावच्या विहिरीला पाणी असल्याचं जुन्या कागदावर दिसलं. कुणाला न विचारता मी ते गाव वगळलं. चार दिवस तिथं टँकर गेला नाही. पाचव्या दिवशी एक म्हातारी चालत आली आणि माझ्या टेबलावर रिकामी घागर ठेवून म्हणाली, "बाई, तुमच्या कागदात लई पानी हाय म्हनं. ह्यात ओता की थोडं."

साहेबांनी तिच्यासोबतच टँकर धाडला. मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. शनिवारी मी खिडकीबाहेर बघत बसले, जसं काही घडलंच नाही. तेव्हा ते स्वतःच खुर्चीत बसले. "यादीवर सही माझी. चूक माझी." नोकरीची भीती होतीच, पण ते ऐकवेना.

"उठा साहेब," मी म्हणाले, "ती जागा माझी आहे."

ते उठले, गादी झटकून दिली, स्टुलावर बसले. "काय कळलं?"

"विचारायला पाहिजे होतं."

"कुणाला?"

"पाणी शेंदणाऱ्या बाईला."

सोमवारपासून गावच्या बायांना विचारल्याशिवाय त्यांनी यादीवर सही केली नाही. विचारायला उन्हातान्हात हिंडायचं मी!

परवा उदगीरला गेले. ती खुर्ची साहेबांनी पुढं ऑफिसच्या लिलावात घेतली होती. गादी आता फाटलीय. "बस की," म्हणून वहिनी पाणी आणायला आत गेल्या. मी बसले. समोर स्टूल रिकामं.

"साहेब, दिवाळीपासून बोलवत होतात," मी हळूच म्हणाले. "येते, येते म्हणत राहिले. आलेच नाही."

आणि थांबले... पुढचा प्रश्न येईल म्हणून.