लाल दोरा, पिवळा दोरा

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचतात. चिंध्या आणि किस्से. चिंध्या संध्याकाळी झाडल्या की जातात. किस्से जात नाहीत. उलट मोहनसारखा माणूस मशीनवर असला तर एकाचे दोन होतात.

आमचं दुकान रियाधला, अल मलाझमध्ये. माणसं तीन. मी मास्तर, रत्नागिरीकडचा. कापणी माझी. मशीनवर सोलापूरचा मोहन. इस्त्री आणि काजं-बटणं गुहागरच्या लतीफकडे. मी चौथीपर्यंत शिकलो, पण या गल्लीत माझ्यासारखी बाही बसवणारा दुसरा दाखवा.

यंदाचे किस्से दोन गाणाऱ्या बायकांचे आहेत. ऐका.

* * *

आधी आमच्या कफीलचं, म्हणजे इथल्या मालकाचं सांगतो. अबू फहद. दुकान त्याच्या नावावर. माणूस वाईट नाही, फक्त कॉफी फार पितो.

एक दिवस तो एका सुटाबुटातल्या माणसाला घेऊन आला. त्या माणसाने टेप काढली आणि माझी भिंत मोजायला लागला.

मी विचारलं, "पडदे शिवायचे आहेत का?"

अबू फहद म्हणाला, "नाही, मास्तर. इथे कॉफीचं दुकान काढायचं म्हणतोय. कपडे आता सगळे तयार घेतात. शिवतो कोण?"

"या गल्लीत कॉफीची चार दुकानं आहेत."

"म्हणूनच तर! चालतात म्हणून चार आहेत."

मी कात्री चालवत राहिलो. लतीफ मात्र सुटाबुटातल्या माणसाकडे बघत होता. तो गेल्यावर म्हणाला, "मास्तर, दुकान गेलं तर जाऊ दे. पण त्याच्या पँटची खालची दुमड बघितली? डिंकाने चिकटवलीय! असल्या माणसाच्या हातून दुकान जाणार?"

दुकान जाण्यापेक्षा आम्हाला तेच जास्त लागलं.

* * *

अबू फहदला एक मुलगी. नौफ. लहानपणी आमच्या कापणीच्या टेबलाखाली बसून रिळं गुंडाळायची. आता कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीत आहे. गाडी स्वतः चालवते. हिंदी आमच्याकडून शिकली, त्यामुळे तिच्या हिंदीत दोन शिव्या मोहनच्या आहेत. तिला त्यांचा अर्थ माहीत नाही. आम्ही सांगितलेला नाही.

ती धावत आली. "चाचा, दोन मोठ्या गायिका येतायत. लॅटिन! दोघींनी मिळून एक रेगेटन गाणं केलंय. सगळ्या जगात वाजतंय. पहिल्यांदा दोघी एका स्टेजवर!"

लतीफने विचारलं, "रेगेटन म्हणजे काय?"

तिने फोनवर थोडं वाजवून दाखवलं. मोहन मशीन थांबवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "हा तर आमच्या वरातीच्या बँडचा ठेका आहे. फक्त सनईवाला आजारी पडलाय."

नौफने दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या. गायिकांचे कपडे होते. कंपनीचं म्हणणं, इथल्या स्टेजवर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तेवढं करून द्यायचं.

मी पिशवी उघडली. आतलं उचलून उजेडात धरलं. पुढून बघितलं, मागून बघितलं.

"बेटा, अस्तर आलं. कापड कुठाय?"

"चाचा, हाच ड्रेस आहे!"

लतीफ म्हणाला, "मग दुरुस्ती कसली? नवीनच शिवा!"

तसंच ठरलं. नौफने मला बाजूला घेतलं. "बाबांशी बोललेय मी. हे कपडे स्टेजवर नीट टिकले तर दुकानाचं बघू म्हणालेत. नाही टिकले तर महिनाअखेरीला किल्ली द्यायची."

"'बघू' म्हणजे काय?"

"बाबांचं 'बघू' म्हणजे 'बघू', चाचा. मलाही अजून कळलेलं नाही."

* * *

इथे बाईमाणसाचं नाव दुकानात घ्यायची रीत नाही. पूर्वी बायका दुकानात यायच्याही नाहीत. गाडीत बसायच्या आणि ड्रायव्हर नमुन्याचा झगा आणून द्यायचा. म्हणून मी प्रत्येकीच्या गठ्ठ्याला एका रंगाचा दोरा बांधतो. हिरवा दोरा, जांभळा दोरा. कुणाचं नाव नाही, गाव नाही. आता बायका खुशाल आत येतात, भाव करतात, वाद घालतात. पण दोऱ्याची पद्धत मी मोडलेली नाही.

एका गायिकेला लाल दोरा लागला, दुसरीला पिवळा.

नौफ म्हणाली, "चाचा, जगभरातले लोक यांचं नाव ओरडतात!"

मी म्हटलं, "जगाचं जग बघेल. इथे लाल आणि पिवळी."

* * *

मापं घ्यायची होती. मी परक्या बाईच्या अंगाला टेप लावत नाही. आजवर लावली नाही, या वयात सुरुवात करणार नाही. म्हणून ओलायातल्या हॉटेलात माझ्या बायकोला नेलं. जुबेदा. ती आत, मी दाराबाहेर कागद-पेन्सिल घेऊन उभा. ती आतून इंच ओरडणार, मी लिहिणार.

खांदा आला. बाही आली. गळा आला. मग आवाज बंद.

"पुढे बोल!"

आतून उत्तर आलं, "पुढचं घरी सांगते. कॉरिडॉरमध्ये माणसं आहेत!"

घरी येईपर्यंत ती दोन मापं विसरली. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

तिला मराठीशिवाय भाषा येत नाही. त्यांना स्पॅनिशशिवाय फारसं काही येत नाही. तरी आतून तासभर तिघींचं हसणं ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय बोलत होतात?"

"तुमच्याबद्दल."

* * *

जुबेदाने जाहीर केलं, "लाल बरी आहे. पिवळी पोर जेवतच नाय. मॅनेजरीण तिला पानं खायला घालते. बकरी हाय काय ती?"

दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात डबा सुरू झाला. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, वर खोबऱ्याची वडी. मॅनेजरीण दारातच अडवायला उभी राहिली. तिला जुबेदाने एक वडी दिली. मग ती अडवायची बंद झाली.

पिवळ्याच्या झग्याची कंबर मी बसवली. चार दिवसांनी जुबेदाने तिला लावून बघितली तर हुक लागेना. उसवली, सैल केली. परत लागेना.

मी घरी येऊन म्हटलं, "एक तर डबा बंद कर, नाहीतर मशीनवर येऊन बस."

ती म्हणाली, "कापड जास्त सोडायला तुमच्या हाताला काय होतं?"

कापड सोडलं. डबा चालू राहिला.

* * *

लाल दोऱ्याचा मॅनेजर कानात बाळी घालणारा उंच माणूस. तो सकाळी दुकानात आला. नौफने त्याचं म्हणणं सांगितलं, "आमच्या बाईच्या अंगावर पिवळीपेक्षा जास्त टिकल्या हव्यात."

मी म्हटलं, "हो."

दुपारी पिवळ्याची मॅनेजरीण आली. "आमच्या बाईच्या अंगावर लालपेक्षा जास्त चमक हवी."

मी म्हटलं, "हो."

नौफ घाबरली. "चाचा, दोघांना हो कसं म्हणालात?"

"दोन जावांच्या शालू-शराऱ्यात माझं आयुष्य गेलं, बेटा. तिथे नाही म्हणणारा शिंपी टिकत नाही."

टिकल्या एकाच डब्यातल्या, दोघींना सारख्या. ज्या दिवशी कपडे दाखवायला नेले त्या दिवशी दोघं मॅनेजर लिफ्टजवळ हातवारे करून भांडत होते, कोण आधी स्टेजवर येणार म्हणून. जुबेदाने आतलं सांगितलं. दोघी गायिका एकाच सोफ्यावर पाय वर घेऊन एका डब्यात जेवत होत्या आणि एक दुसरीला सुरमईचे काटे काढून देत होती!

* * *

आता खरी गंमत. कपडे तयार झाले. शेवटची ट्रायल. मी, मोहन आणि लतीफ दाराबाहेर, जुबेदा आत. दोघींनी कपडे घातले. आतून टाळ्या ऐकू आल्या. मोहनने माझा हात हातात घेतला. मग आत गाणं लागलं.

चर्र!

जुबेदा ओरडली, "गेली!"

मी विचारलं, "कुणाची?"

"दोघींची!"

चूक कुणाची ते मला तिथेच कळलं. आमच्याकडे स्टेजवर बसते ती नवरी. ती हलत नाही. हलली तर लोक बोलतात. मी आजवर स्टेजसाठी जे शिवलं ते बसायला शिवलं. या दोघी बसायला येत नव्हत्या.

नौफचा चेहरा उतरला. म्हणाली, "बाबा हसतील."

मी म्हटलं, "हसू दे. आधी मला दाखव, त्या नाचतात कशा."

* * *

तर सकाळी दुकानात आम्ही तिघं एका फोनवर वाकून त्या दोघींचा व्हिडिओ बघत होतो. कामासाठी. हे मी जुबेदालाही सांगून आलो होतो.

"थांबव," मी म्हणायचो. मोहन थांबवायचा.

"बगल गेली."

"बगल गेली," लतीफ म्हणायचा.

"पुढे घे. थांबव. आता मागची शिवण."

"मागचं काही उरणारच नाही, मास्तर."

मोहनने बाजूला उभ्या नौफला विचारलं, "गाण्यात म्हणतात काय?"

"दोघी एका मुलाला सांगतायत, आम्हाला तुझी गरज नाही."

मोहनने परत फोनकडे बघितलं. "मग इतकं वाकून का सांगतात?"

तेवढ्यात दारात हाजीसाहेब उभे. दापोलीचे, पलीकडे किराणा दुकान. माणूस इतका कडक की कुठे गाणं लागलं असलं तर सलाम न करता परत फिरतो. पायजमा न्यायला आले होते. त्यांनी फोन बघितला. आम्हा तिघांना बघितलं. लतीफ इस्त्रीमागे लपला.

मी मान ताठ ठेवली. "या, हाजीसाहेब. काम चाललंय."

हाजीसाहेबांनी खिशातून चष्मा काढला. पुसला. लावला. पूर्ण कडवं बघितलं. मग म्हणाले, "पिवळीवालीला गुडघ्यात जास्त सोडा. ती खाली बसते."

पायजमा घेऊन निघून गेले. सलाम केला नाही.

* * *

बगलेत चौकोनी तुकडा घातला, मांडीत घातला, मागे ताणणारं कापड जोडलं. गुडघ्यात सोडलं, पिवळ्याला जास्त. दोरा बदलून नायलॉनचा घेतला. प्रत्येक शिवणीवर दोनदा मशीन. मोहन झग्याची एक बाजू धरून ओढायचा, लतीफ दुसरी. सुटाबुटातला माणूस मध्येच एकदा येऊन काउंटर कुठे येईल ते खडूने जमिनीवर आखून गेला. आम्ही त्या रेषेवर उभे राहून कपडे ताणले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नौफने आम्हाला स्टेजच्या कडेला पडद्याआड उभं केलं, सुई-दोऱ्यासकट. अबू फहद पुढच्या रांगेत बायको-बहिणींसोबत बसला होता. हाताची घडी, चेहरा सिमेंटचा.

कोण आधी येणार हे भांडण मिटलं नव्हतं. दिवे लागले. दोघी एकमेकींचा हात धरून एकदमच आल्या. दोघं मॅनेजर आमच्या शेजारी उभे होते. दोघांनी एकदमच डोक्याला हात लावला.

मग ठेका सुरू झाला. लोक कशासाठी ओरडत होते मला माहीत नाही. आम्ही शिवणी बघत होतो.

लालने हात वर फेकले. "बगल टिकली," लतीफ म्हणाला.

दोघी पाठीला पाठ लावून वळल्या. "मागची टिकली."

पिवळी खाली बसली. पार खाली. मोहनने डोळे मिटले. मी नाही मिटले.

ती उठली. झगा जागच्या जागी.

"टिकलीऽऽ!" आम्ही तिघं ओरडलो. इतक्या जोरात, की लालने गाता गाता वळून आमच्याकडे बघितलं आणि हात केला. लतीफने तिला सलाम केला.

नौफ रडत होती. म्हणाली, "चाचा, गाणं कसं होतं?"

मी म्हटलं, "कुठलं गाणं?"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दुकानात बसलो होतो. काम हातात होतं, लक्ष दाराकडे. अबू फहद येणार आणि 'बघू'चं काय ते सांगणार. जमिनीवर खडूची रेषा तशीच होती. कुणी पुसली नाही.

तो आला. एकटा. हातात कागदी पिशवी. चालताना जरा जपून चालत होता. सलाम झाला. लतीफने खुर्ची दिली, तो बसला नाही.

"कपडे टिकले," तो म्हणाला.

"टिकणारच," मी म्हटलं.

त्याने रस्त्याकडे बघितलं. आत येऊन काचेचं दार लावून घेतलं. पिशवी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

मी आतलं काढलं. त्याचा पांढरा तोब, इथल्या पुरुषांचा पायघोळ झगा, काल कार्यक्रमात अंगावर होता तोच. नवाकोरा, मोठ्या दुकानातून तयार घेतलेला. उलगडला. मागची शिवण कमरेपासून खालपर्यंत उसवलेली. सरळ, एका दमात.

मोहनने तोबकडे बघितलं. मग छताकडे बघितलं. लतीफला खोकला आला.

मी विचारलं, "कधी पाहिजे?"

"यल्ला, आज."

तो दार उघडून बाहेर पडला, परत आत डोकं घातलं आणि म्हणाला, "आणि मास्तर, तो माणूस परत टेप घेऊन आला तर त्याला सांगा, इथे जागा नाही."