पारूबाईचा न दुखणारा फोड

"सायेब, कालच एक गेला. ह्यो तरी वाचवा," तात्या म्हणाले.

बैल दावणीला उभा राहून रवंथ करत होता. मी थर्मामीटर झटकला तेवढ्यात त्याचे पाय थरथरले आणि तो धाडकन पडला. साधं हंबरलाही नाही. नाकातून काळपट रक्त आलं. बराच वेळ झाला तरी ते गोठेना.

ही एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची गोष्ट. बारामतीत मी गुरांचा डॉक्टर होतो, आणि हा गोठा पिंपळी गावातल्या तात्यांचा. दोन्ही बैल कालव्याकडेच्या बाभळींखाली चरले होते.

"ती जागा वाईट हाय," तात्या हळूच म्हणाले.

मी हसलो नाही. मला फाशीचा संशय होता. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स. मेलेल्या जनावरातून त्याचे जंतू मातीत उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात. म्हणजे जागा खरंच वाईट होती.

बैलाला फाडू द्यायचं नव्हतं, जंतू पसरले असते. कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब मी काचेवर पसरून घेतला आणि चुना टाकून खोल पुरायला सांगितलं. तात्यांची बायको पारूबाई बैलाचं तोंड पुसायला पुढं झाली. मी तिला अडवलं, तेव्हा तिच्या मनगटावर मला फोड दिसला. मधोमध कोळशासारखा काळा, भोवती हात सुजलेला.

"कालच्याचंही तोंड पुसलं होतं का?" मी विचारलं.

"आदल्या सांजंला व्हय. नाकातनं रगत येत व्हतं."

"दुखतंय?"

"काईच न्हाय."

तिच्या त्या 'न्हाय'नंच मला खूण पटली. एवढा फोड दुखायला हवा होता; फाशीचा मात्र दुखत नाही.

तिला तशीच शेजाऱ्याच्या बैलगाडीतून माणसांच्या दवाखान्यात नेली. तिथले डॉक्टर परांजपे चिरा द्यायच्या तयारीत होते.

"चिरू नका," मी म्हणालो. "विष अंगभर पसरेल."

"तुम्ही गुरांचे डॉक्टर ना?"

"म्हणूनच सांगतोय. हिचा बैल आत्ताच माझ्यासमोर मेला."

त्यांनी सुरी खाली ठेवली. फोडातलं पाणी काचेवर घेऊन त्यांनी मायक्रोस्कोपखाली धरलं. मग माझी काच लावली. दोन्हींत तेच जंतू: बांबूच्या पेरांसारख्या जाड कांड्या, एकीला एक जोडलेल्या. काचा उचलताना हातात अदलाबदल झाली, तेव्हा बाईची कुठली आणि बैलाची कुठली, ते आम्हा दोघांनाही सांगता येईना.

"आम्ही याला काळपुळी म्हणतो," परांजपे म्हणाले. आवाज उतरला होता.

माझ्याकडे या रोगावरचं सीरम होतं, पण जनावरांचं. माणसाला ते टोचलेलं आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. परांजप्यांनी सगळं पारूबाईला स्पष्ट सांगितलं. सूज कोपराच्या वर चढली होती.

"बैलाचं अवशीद व्हय?" ती म्हणाली. "बैल काय परका व्हता? टोचा."

आधी थेंबभर टोचून तिला ते सोसतंय का ते पाहिलं. मग उरलेलं दिलं. दोन दिवस ती तापात बैलांना नावानं हाका मारत होती. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. खपली पडली, वण राहिला.

बाभळींना आम्ही काटेरी कुंपण घालायला लावलं. आत गवत कमरेएवढं वाढलं, हिरवंगार, पण तिथं विळा कुणी नेला नाही.

पुढं परांजपे फोड घेऊन येणाऱ्याला आधी गोठ्यातली खबर विचारू लागले. आणि मी जनावराला हात लावण्याआधी घरातल्या माणसांचे हात बघू लागलो.