उभ्या घराचा पाय

सालमीन बा-रबैद भिंत चाटायचा.

गल्लीतनं जाताना मध्येच थांबायचा, वाकायचा, एखाद्या घराच्या बुडाशी बोट घासायचा आणि ते बोट जिभेवर ठेवायचा. खारट लागलं की थुंकून पुढं चालू पडायचा. परगावचा माणूस हे बघून हसायचा. आम्ही हसत नव्हतो. ज्या भिंतीपाशी सालमीन थुंकला, त्या घराचा मालक दिवस मावळायच्या आत त्याच्या दारात हजर असायचा.

त्याची बायको मात्र हसायची. “माझ्या कालवणात मीठ कमी म्हणतो आन् लोकांच्या भिंती चाटत फिरतो,” असं ती विहिरीवर सगळ्यांना सांगायची.

भिंत खारट लागली म्हणजे तिला लोणा लागला. ओल खालनं वर चढते, मातीतलं मीठ बाहेर येतं, आणि भिंतीचा आतनं भुगा होतो. आमच्या शिबाममध्ये याची भीती वाटायला कुणाला शिकवावं लागत नाही. आमचं सगळं गाव मातीचं आहे, आणि उभं आहे. सहा मजले, सात मजले, नुसत्या भेंड्यांचे, कच्च्या विटांचे. ओढ्याची माती आणायची, गव्हाचं भुसकाट मिसळायचं, पायानं तुडवायचं, साच्यात घालून उन्हात वाळवायचं, झालं भेंडं. भट्टी नाही, काही नाही. चहात बुडवलं तर पावासारखं बसेल, असली ती वस्तू. तिच्यावर माणसं, शेळ्या, खजुराचे रांजण, लग्नातला नाच, सगळं तोलून धरलेलं. जन्म तिथंच गेला माझा, पण सकाळी खजुरीच्या बागेकडनं परत येताना ती घरं अंगावर आली, की अजून पाय थबकतो. चिखल एवढा वर गेलाच कसा, असं वाटतं.

शहरातली माणसं घराला पाया असतो म्हणतात. आमच्या बोलीत घराला पाय असतो. आणि मला आमचंच बरोबर वाटतं. पाया म्हटलं की एकदा पुरला, विसरला. पाय थकतो, सुजतो, सडतो, त्याच्याकडं रोज बघावं लागतं.

सालमीन हा पाय बदलायचा. वर घर तसंच उभं, चुलीवर भात शिजतोय, आणि खाली हा माणूस त्याचा सडका पाय काढून नवा घालतोय. मी त्याच्या हाताखाली चिखल तुडवायचो, पहार धरायचो. मला ते कधी साधं वाटलं नाही.

तो आधीपासनं असा नव्हता. बाप मिस्त्री, पण हा तरणेपणी जेद्दाहला गेला, तिथं सिमेंटचं काम शिकला आणि परत आला तो सिमेंटचाच होऊन. त्याच सुमारास गावात नळ आले. पाणी घरात आलं, पण बाहेर जायची वाट कुणी केली नाही. ते भिंतींच्या बुडात मुरलं. लोक म्हणाले, सालमीन, तुझं ते करडं औषध लाव. त्यानं घराघराच्या पायाला सिमेंटचा गिलावा चढवला. गुळगुळीत, टणक, हात फिरवावा असा. सगळ्या गावाला ते आवडलं. पण मातीची भिंत घाम गाळते, तिला अंग उघडं लागतं. ओल आत कोंडली. पुढं पुढं त्या करड्या कातडीखाली भिंती कुजायला लागल्या. पहिलं पोट फुटलेलं घर बघून सालमीन दोन दिवस जेवला नाही म्हणतात. त्यानंतर त्यानं सिमेंटला हात लावला नाही. भिंती चाटायला लागला तो तेव्हापासनं.

बखीतच्या घराचं सांगतो.

बखीत वारला आणि त्याची बायको गालिया इद्दतीला बसली. नवरा गेलेल्या बाईनं चार महिने दहा दिवस त्याच घरात काढायचे, उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. सोबतीला तिची थोरली बहीण येऊन राहिली होती. मुलगा करामा दूर आखातात नोकरीला. बाप गेला तरी त्याला सुट्टी मिळाली नाही. अशात एक दिवस घराच्या गल्लीकडच्या अंगाची सिमेंटची कातडी ताटाएवढ्या खपल्यांनी खाली आली. आतली भिंत ओल्या पिठासारखी.

बखीतचा धाकटा भाऊ औद गल्लीत येऊन वर बघत ओरडला, “वहिनी, काजींनी सांगितलंय, जिवाला धोका असंल तर भाईर पडायला हरकत न्हाई. माझ्या घरी खोली झाडून ठेवलीय.”

चौथ्या मजल्याच्या लाकडी जाळीआडनं गालियाचा आवाज आला. “झाडलीस? बरं झालं. तुझ्या घरात केरसुणी हाय हे तरी कळलं.”

“थट्टा नको. घर पडंल!”

“पडंल कशाला, तू पाडशील. मी उंबऱ्याभाईर गेले की घर रिकामं, आन् रिकामं घर धोक्याचं म्हणून पाडायला तुला कोण आडवणार? करामा यायच्या आत हितं सिमेंटचा खोका उभा असंल.”

औदनं मान खाली घातली. त्याच्या मनात तेच होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मग सालमीन पुढं झाला. “करामाच्या आई, मी सालमीन.”

“आवाज वळखते.”

“ही कातडी मीच चढवली हुती.”

“ठाऊक हाय. त्या दिवशी मासळीभात म्याच रांधला हुता. तीनदा मागून खाल्लासा.”

गल्लीत कुणीतरी फिसकन हसलं. सालमीन हसला नाही. “खाली या,” तो म्हणाला. “आम्ही पाय बदलतो. तंवर भैनीच्या गावी जाऊन ऱ्हावा. काजींची परवानगी हाय.”

“परत आत यायची परवानगी कुठं हाय, मिस्त्री? भाईर पडायचीच हाय. मी वर हाय तंवर तुमाला घर पाडताबी येणार न्हाई आन् अर्धं टाकून जाताबी येणार न्हाई.”

सालमीननं भिंतीकडं बघितलं, जाळीकडं बघितलं. कपाळ पुसलं. “मग वर माळ वढत बसायचं न्हाई. काम करायचं.”

“सांगा.”

“तुमच्या मजल्याचं दार कसं लागतं?”

“करंगळीनं ढकललं तरी लागतं.”

“तसंच ऱ्हायला पायजे. मी खाली हात घातला की तुमी ते दार उघडायचं, लावायचं. कुठं घासलं, कुठं अडलं, मला वरडून सांगायचं. भिंत खचली तर आधी चौकटीला कळतं. मला लई उशिरा कळतं.”

असं काम सुरू झालं. पडलेल्या भेगांवर सालमीननं चुन्याचं एकेक बोट ओढून ठेवलं; भेग हलली तर चुना तडकणार. मग भिंतीला आरपार भोकं पाडून बोरीच्या जाड तुळया घातल्या. तुळईचं एक टोक गल्लीत, एक घरात; दोन्ही टोकं दगडांच्या चळतींवर टेकवली, आणि दगड नि तुळई यांच्यामध्ये बोरीच्याच पाचरी, जोडीजोडीनं. वरची भिंत तुळयांनी उचलून धरायची आणि खालचा हातभर रुंद तुकडा काढायचा. तिथं दगड, राख मिसळलेला चुना आणि नवी भेंडी कोंबून बसवायची. ते आळलं, सुकलं, की शेजारचा तुकडा सोडून त्याच्या पलीकडचा.

सालमीन खालनं विचारायचा, “दार?”

वरनं धाडकन आवाज यायचा. “लागलं!”

दिवसभर हेच. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, बखीत जिवंत असताना त्या दोघांनी एवढी दारं आपटली नव्हती. सालमीननं गालियाचं तोंडही कधी बघितलेलं नव्हतं. ती वर, तो खाली, मध्ये अख्खं घर. आणि त्या घराची नाडी तिच्या हातात.

तिसरा तुकडा गल्लीकडच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर होता. मी पहार लावली. जोर करायची वेळच आली नाही. पहार आपली आपण आत गेली, आणि फाटक्या पोत्यातनं पीठ गळावं तशी माती बाहेर यायला लागली. थांबेना. घमेलं भरलं, दुसरं भरलं. मग गळायची थांबली, तेव्हा मी भोकात हात घातला. खांद्यापर्यंत गेला. बोटांना काही लागलं नाही. आत पोकळ होतं.

मी वर बघितलं. सहा मजले, त्यातल्या दोन बाया, चूल, रांजण, पोती, पांढरी गच्ची आणि तिच्यावर आभाळ. आणि खाली काही नाही.

“मिस्त्री,” मी म्हणालो, “हे हवेवर उभं हाय.”

सालमीननं वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं, मोठ्या माणसासमोर उभं राहावं तसा. “हवेवर न्हाई,” तो हळू बोलला. “त्यो कोपरा बघ, त्या अंगाची भिंत बघ. आतले बोरीचे खांब बघ, एकावर एक, गच्चीपातुर. हा पाय गेला तसा ह्यानं आपला भार तिकडं सरकवला. लंगडा माणूस टाकतो तसा. किती सालं झाली कुणास ठाऊक. आपल्याला सांगितलंबी न्हाई.”

मी त्या भिंतीवर हात ठेवला. मातीच ती. माझ्यासारख्या कुणाच्या तरी बापजाद्यानं तुडवलेली.

तेवढ्यात वर कुठंतरी लाकूड करकरलं. पिठासारखी धूळ गल्लीत उतरली. चुन्याचं एक बोट मधोमध तडकलं.

“मिस्त्री!” गालिया ओरडली. “दार अडलं!”

“कुठं?”

“वरच्या अंगाला. कडीच्या बाजूला चौकट चावतीय.”

आम्ही भुगा काढला तो भुगाही काहीतरी उचलून धरत होता. आता घर या अंगावर बसायला निघालं होतं.

“खाली उतरा!” सालमीन म्हणाला.

“तळाचा जिना त्याच अंगाला हाय,” वरनं आवाज आला. शांत होता. “काय करू ते बोला.”

सालमीननं डोळे मिटले. “दुसऱ्या मजल्यावर गल्लीच्या अंगाला काय ठेवलंय?”

“ज्वारी. पोती हाईत.”

“जिना भिंतीकडनं न्हाई, आतल्या अंगानं उतरा. पोती मधल्या खांबाकडं वढा. एकेक. पळायचं न्हाई, टाकायचं न्हाई, वढायचं.”

आतनं पोती फरफटल्याचा आवाज यायला लागला. दोन म्हाताऱ्या बाया, ज्वारीची पोती. सालमीननं हातोडा उचलला. पाचरी दोन्ही टोकांना एकाच वेळी ठोकायच्या असतात. एक माणूस गल्लीत, एक घरात. नाहीतर तुळई एका अंगाला कलते आणि भिंत घेऊन जाते. मी वाकलेल्या तुळईला टेकू देऊन बसलो होतो, मला हलता येईना. आमचा दुसरा गडी केव्हाच गल्लीच्या टोकाला पळाला होता.

औद घराच्या खालच्या दारात उभा होता.

“बघतोस काय?” सालमीन त्याच्यावर खेकसला. “घर पाडायला हातोडी आणलीच असशील ना? घे आन् आत जा!”

औदचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं वर बघितलं आणि आत घुसला. आतनं त्याचा आवाज आला, “कुठली पाचर?”

“उजवी. मी हां म्हणलो की ठोक. हां!”

दोन ठोके एकदम पडले. भिंतीच्या या अंगाला एक, त्या अंगाला एक, आणि आवाज एकच आला.

“दार?”

पोती थांबली. पावलं वर गेली. “अडतंय.”

“हां!”

“अडतंय. पण आधीगत न्हाई.”

“हां!”

“घासतंय.”

सालमीनच्या मनगटाची शीर तटतटली होती. “हळू, औद. आता कानात काडी घातल्यागत. हां!”

वर काहीच आवाज झाला नाही. मला माझ्या खांद्यावर त्या तुळईचं वजन कळत होतं, आणि एकाएकी ते हललं. अगदी कणभर, झोपेत कुणी कूस बदलावी तसं.

“लागलं,” गालिया म्हणाली.

“करंगळीनं?”

“करंगळीनं.”

“औद, टाक हातोडी! टाक खाली! आता एक ठोका जास्त पडला तर पल्याडची भिंत उकलंल.”

हातोडी पडल्याचा आवाज आला. सहा मजल्यांचं घर केसभर वर उचललं होतं, लाकडाच्या पाचरींनी, आणि किती उचलायचं ते एका बाईच्या करंगळीनं सांगितलं होतं. त्या दिवशी मावळतीला मग्रिबची बांग होईपर्यंत आम्ही ती पोकळी दगड, चुना, भेंडी घालून भरत होतो. औदनं चिखल तुडवला. चांगला तुडवला नाही, पण तुडवला. सालमीन शेवटी गल्लीतच चिखलात बसला आणि चहा मागितला.

बाकीचे तुकडे सावकाश झाले. नळाचं पाणी बाहेर न्यायला दगडी पन्हळ केली. मधल्या काळात इद्दत सरली. एका सकाळी सालमीन शेवटची पाचर सैल करायला आला. वाकला आणि रोजच्यासारखा ओरडला, “करामाच्या आई, दार?”

उत्तर नाही. पुन्हा ओरडला.

“वर कुणी न्हाई, मिस्त्री,” मागनं औद म्हणाला. तो भिंतीला टेकून उभा होता. “भैन गावी गेली. वहिनी विळा आन् खजुरीच्या पानांची टोपी घिऊन पहाटेच चाऱ्याला गेली. दाराला कडीसुदिक लावली न्हाई.”

दोघांनी मान वर केली. मीही केली. घर रिकामं होतं आणि उभं होतं.

सालमीन हातोडा घेऊन पाचरीपाशी तसाच थांबला. दाराशिवाय त्याला ठोका घालता येईना.

औदनं डोकं खाजवलं. “मग चौथ्यावर मी जाऊ का?” तो म्हणाला, आणि जिन्याकडं वळला.