किल्ल्याची शाकारणी

आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून लेकीकडे जपानला गेलो, आणि ज्या किल्ल्यासाठी तिने मुद्दाम रजा काढली होती तो किल्ला नेमका बुरख्यात. चारी बाजूंनी परांच्या, वर पांढरं कापड, दुरुस्तीचं काम चालू. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे दुरूनही काही साजरं दिसेना. "रायगड पाहिलेल्या माणसाला हे काय दाखवतेस?" असं मी तिला तिथल्या तिथे ऐकवलं. निवृत्त मास्तर मी, मनातलं मनात ठेवायची सवय नाही.

आमची ही मात्र मान वर करून हरखून बघत होती. "आवो," ती म्हणाली, "यांची शाकारणी चाललीय!"

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमचं कौलारू घर आहे. पावसाळ्याआधी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा चढवायची, ही शाकारणी. त्या दिवशी अंगणात माणसांची रांग लागते आणि कौलं हातोहात वर जातात. आमच्याकडची रीत अशी की शाकारणीच्या घरी पाहुणा जरी आला तरी त्याने आधी रांगेत उभं राहायचं, कौलाला हात लावायचा, मग पाणी मागायचं. दुपारी सगळ्यांना वालाचं बिरडं आणि भात.

मला या सगळ्याचा वीट आला होता. वानरं उड्या मारून कौलं फोडतात आणि वाडीतली तरणी माणसं मुंबईला, त्यामुळे रांगेला कुणी मिळत नाही. परत गेल्यावर छपरावर पत्रे घालायचे असं मी ठरवून टाकलं होतं, महाडच्या पत्रेवाल्याला सांगूनही आलो होतो. "आपल्यामागे कोण चढणार आहे वर? एक लेक, ती जपानात," हे माझं पालुपद. हिला ते घर पत्र्याखाली गेलेलं बघवणार नव्हतं. घरून निघाल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. म्हणून ते 'आवो' ऐकून मला खरं तर फार बरं वाटलं.

किल्ल्याच्या अंगणात एका मांडवाखाली नव्या कौलांची चळत होती. देणगी देणाऱ्याने कौलाच्या आतल्या बाजूला कुंचल्याने नाव लिहायचं, मग ते कौल छपरावर चढायचं. लेक देणगी भरायला गेली आणि ही रांगेत उभी राहिली. पुढे कौलं, मागे माणसांची ओळ. कुणी काही समजावून सांगावं असं हिला वाटलंच नाही. टेबलामागच्या बाईंनी दोन्ही हातांनी कौल पुढे केलं. हिने पदर खोचला, ते घेतलं आणि वळून मागच्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "घ्या, जाऊ द्या पुढं!"

म्हातारा गडबडला. पण समोरच्याने दिलेलं नाकारणं त्याच्या रक्तात नसावं. त्याने कमरेत वाकून कौल घेतलं, आणि आता याचं करायचं काय ते न कळून मागच्या बाईंना दिलं. त्याही वाकल्या. असं वाकत वाकत ते कौल रांगेच्या टोकाला पोचलं. शेवटचे गृहस्थ ते छातीशी धरून उभे, कारण त्यांच्यामागे कुणीच नव्हतं.

लेक धावत आली, तोंड लालेलाल. तिने जपानीत काय सांगितलं कोण जाणे, पण आधी टेबलामागच्या बाई हसल्या, मग म्हातारा, मग सगळी रांगच. कौल आलं त्याच वाटेने हातोहात परत आलं, आणि या खेपेला प्रत्येक जण ते मोठ्या हौसेने पुढे देत होता. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मांडवाचा खांब धरला.

हिने कौलावर सावकाश नाव लिहिलं. मग लेकीला म्हणाली, "बाय गो, ह्ये कौल परत खाली कधी उतरणार, इचार की."

लेकीने विचारलं. "पुढच्या मोठ्या दुरुस्तीला, आई. तेव्हा आपण कुणीच नसू."

"मंग उतरवणार कोण?"

टेबलामागच्या बाईंचं उत्तर लेकीने मराठीत सांगितलं, "म्हणतात, ती माणसं अजून जन्माला यायचीत."

हिने कुंचला खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. "बघा. ह्यांना जल्माला न आलेल्या मान्सांचा भरवसा हाय. तुमाला पोटच्या पोरीचा नाय."

लेक माझ्याकडे बघत होती. "बाबा, मला एकदा विचारलंत तरी का?" ती म्हणाली. "दर मे महिन्यात येईन मी."

मी तिथूनच महाडच्या पत्रेवाल्याला फोन लावला. पत्रे नकोत म्हटलं.

"का वो गुरुजी, काय झालं?"

"काही नाही. वर चढायला माणूस आहे. घरचंच."