तीस डॉक्टर आणि एक गिला वडा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझा आवाज चढतो. बायको म्हणते, निवृत्त झालात, आता घरात तरी ठाणं भरवू नका. तिला काय सांगू. या आवाजाने मी एकेकाळी वलगावच्या बाजारातला खिसेकापू भातकुलीपर्यंत पळवला आहे. पण या प्रकरणात मला ओरडायचं होतं ते ज्या माणसावर, तो माणूसच कुठे दिसत नव्हता.

नोकरीची शेवटची वर्षं. अमरावतीजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एक बाई आत आली. नवरा नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात फिटर. बाईच्या पिशवीत छापील कागदांचा असा गठ्ठा, की टेबलावर ठेवताच माझा चहाचा पेला जागेवरून सरकला.

"साहेब, ह्याईले पकडा."

"कोणाले?"

"ह्या तिसाई डॉक्टरले."

आमच्या ठाण्याची कोठडी चार माणसांची. मी म्हटलं, बाई, बसा आधी.

तिचं म्हणणं असं. नवरा आठ वर्षांपासून साखरेच्या आजाराची, इन्सुलिनची सुई घेत होता. मोबाइलवर शोधता शोधता त्याला एक लेख सापडला: सुई सोडा, हे चूर्ण घ्या. मग दुसरा सापडला, मग तिसरा. प्रत्येक लेख वेगळ्या डॉक्टरचा, कोणी बेंगळुरूचा, कोणी दिल्लीचा, एक तर थेट अमेरिकेतला. फिटर माणूस, पक्का. एकाच्या शब्दावर विश्वास ठेवणारा नव्हे. तीस लेख जमा केले, दुकानातून छापून आणले, आणि मगच सुई फेकून चूर्ण मागवलं. दीड महिन्यात पायाची जखम काळी पडली. आता तो जिल्हा रुग्णालयात होता. साखर खाली आली तर दोन बोटं कापून पाय वाचेल, नाही तर गुडघ्यापासून जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुदत फार तर दोन दिवसांची. आणि हा गडी सुई टोचू देत नव्हता.

"मले म्हणते, तू का शिकेल हायेस? हे तीस डॉक्टर का येडे हायेत? साहेब, मी त्याले काय दाखवू?"

बाई रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी रायटर हवालदाराला बोलावलं. ठाण्यात जबाब लिहून घेणारा तो रायटर. आमच्या रायटरने आयुष्यात इतके जबाब लिहिले होते, की सासूचं बोलणंही तो दोन प्रतींत ऐकायचा. त्याने कागद चाळले.

"साहेब, हे आर्टिकल डिरेक्टरीतले लेख हायेत."

"म्हंजे काय?"

"अशा वेबसाइटी, का तिथं कोणीबी फुकटात लेख टाकू शकते. नाव पायजे ते लावा, कोणी विचारत नाई. लेखाच्या खाली 'लेखकाविषयी' म्हणून चौकट अस्ते, तिच्यात आपल्या साइटची लिंक. लेख जितक्या ठिकाणी, तितके लोक चालत दुकानात."

म्हणजे जत्रेच्या प्रत्येक फाट्यावर पाटी लावायची, आणि सगळ्या पाट्या एकाच दुकानाकडे. पाटी लावणं गुन्हा नाही. कितीतरी सरळ माणसं आपल्या धंद्यासाठी हेच करतात, खरं लिहितात, खरं नाव टाकतात. पण या तिसाही पाट्या एकाच चूर्णाकडे जात होत्या.

रायटरने कागद टेबलावर ओळीने मांडले, साक्षीदारांचे जबाब मांडतो तसे. आणि हसला.

"साहेब, पढवेल साक्षीदार हायेत हे."

पोलिसाला हे शिकवावं लागत नाही. खरे साक्षीदार कधी जुळत नाहीत. एक म्हणतो मोटारसायकल लाल होती, दुसरा म्हणतो सायकल होती, तिसरा म्हणतो मी तर पाठमोरा होतो. तिघांनी एकच वाक्य म्हटलं की समजावं, पढवणारा बाहेर पिंपळाखाली उभा आहे. इथे तीस डॉक्टर त्याच क्रमाने तेच सांगत होते, फक्त शब्द फिरवलेले. एकाने 'पायांची काळजी घ्या' लिहिलं, तर दुसऱ्याने 'चरणांची काळजी घ्या'. एकाची सुई दुसऱ्याकडे 'सूचिका' झाली होती. एक वाक्य मात्र तिसांतही तसंच राहिलं होतं: 'गिला वडा खाल्ल्यावर एक चमचा चूर्ण घ्यावे.'

मी खुर्चीतून उठलो. दही-चटणीत भिजलेला तो वडा आमच्या अमरावतीच्या गाड्यांवरचा. अमेरिकेतल्या डॉक्टरला तो कोणी खाऊ घातला? पढवणारा बाहेरचा नव्हता. माझ्याच गावात बसून तो हे लिहीत होता.

चूर्णाच्या डब्याचं वेष्टन बाईने जपून ठेवलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता अकोल्याचा. फिर्याद लिहून घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि जीप अकोल्याकडे अशी काढली, की मूर्तिजापूर आम्हाला दिसलंच नाही. दुपारी साइटचा मालक माझ्यासमोर बसला होता. गळ्यात साखळी, तोंडात साखर.

"साहेब, माही साइट वाचा ना. स्पष्ट लिहेल हाय, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सुई सोडा असं मी कुठी म्हटलं?"

म्हटलं नव्हतंच. त्याच्या स्वतःच्या साइटवर पाप नावालाही नव्हतं. सगळं पाप दुसऱ्यांच्या दारात, दुसऱ्यांच्या नावाने टाकलेलं.

"मंग हे लेख कोणाचे?"

"असतीन कोणाचे. लोक आवडीनं लिहितेत आपल्या मालाबद्दल."

दोन तास मी विचारलं, दोन तास तो गोड बोलला. हात उगारून काही होत नसतं, हे नव्या पोरांना मी नेहमी सांगत आलो. माणूस उत्तरं तयार करून येतो ती प्रश्नांची. जेवणाची कोणी तयारी करत नाही. त्याला घेऊन अमरावतीला परतलो आणि ठाण्यात सगळ्यांसाठी गिला वडा मागवला. त्याच्यापुढेही एक प्लेट ठेवली.

त्याने चमच्याने वडा डिवचला. "हे तुमी अमरावतीवाले काहून खाता, देव जाणे. आमचा मास्तर बी असाच, लिहाले बसला का आधी हे..."

थांबला. रायटरचं पेन सुरू झालं होतं.

"कोणता मास्तर, भाऊ?"

मग वेळ लागला नाही. त्याच्या फोनच्या तपशिलात अमरावतीचा एक नंबर सारखा दिसत होता. दिवस मावळायच्या आत दोन पंच घेऊन आम्ही त्या घरी झडतीला गेलो. निवृत्त शिक्षक. विषय कोणता, तर जीवशास्त्र. ते ऐकल्यावर माझ्या डोक्यात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कॉम्प्युटरमध्ये तिसाही लेख सापडले, तिसाही डॉक्टरांच्या नावाच्या यादीसकट.

"मी खरं म्हंजे एकच लेख लिहिला," तो म्हणाला. "बाकीचे नुसते फिरवले. लोक इतकं मनावर घेतात, असं वाटलं नव्हतं."

मुद्देमालाची यादी चालू असताना एका पंचाने पाण्यासाठी फ्रिज उघडला, आणि उघडाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. दाराच्या कप्प्यात इन्सुलिनची पेनं होती. रांगेत, नीट, तारखा लिहिलेली.

"हे कोणाचं, मास्तर?"

मास्तर चपलेकडे पाहत राहिला. "माझं."

"अन् चूर्ण?"

"ते मी घेत नाही."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. दरोडेखोर निदान स्वतःच्या तलवारीवर विश्वास ठेवतो. या माणसाने तीस डॉक्टर जन्माला घातले आणि त्यांतल्या एकाचंही ऐकलं नाही.

अटकेचे कागद होत असताना तो हळूच म्हणाला, जेवणाआधी माझी सुई लागते. मी म्हटलं, मिळेल, तो तुमचा हक्क आहे. वैद्यकीय तपासणीसाठी तुम्हाला जिल्हा रुग्णालयात न्यायचंच आहे. जाताना एका वॉर्डावरून जाऊ.

फिटर भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाई पायाशी. मी तिसाही कागद खाटेवर ठेवले.

"भाऊ, हे तुमचे तीस डॉक्टर. आन हा मास्तर, ज्यानं ते सगळे लिहिले."

फिटरने मास्तरकडे पाहिलं. यंत्राचा आवाज ऐकतो तसं, खोट कुठे आहे ते शोधत. विश्वास बसला नव्हता. तेवढ्यात नर्सबाईने विचारलं, जेवणाआधीची सुई कोणाची आहे? मास्तरने शर्ट वर केला, त्याच्याच फ्रिजमधून सोबत आणलेलं पेन स्वतःच्या हाताने पोटात टोचलं. सराईत होता.

फिटरने पेन पोटातून निघेपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "हा तिसातला कोणता?"

"तिसाई," बाई म्हणाली.

त्याने दंड पुढे केला.

दोन बोटं गेली, पाय राहिला. खटला कोर्टात आहे, तारखा पडतात. साइट बंद झाली. पण डिरेक्टऱ्यांना आम्ही पत्रं लिहून थकलो, कोणी उत्तर देत नाही, बहुतेकांना मालकच सापडत नाही. गेल्या आठवड्यात मी शोधून पाहिलं. बेंगळुरूचा डॉक्टर अजून तिथेच आहे, अजून सुई सोडायला सांगतो, अजून गिला वडा खातो. माझ्या हातात आज वॉरंट नाही, म्हणून हे लिहितो आहे. साक्षीदार किती आहेत हे मोजू नका. पढवणारा एकच तर नाही ना, ते पाहा.

बाई मला मध्यंतरी बाजारात भेटली. म्हणाली, आता गल्लीत कोणी मोबाइल पुढे करून म्हटलं का अमका डॉक्टर असं सांगते, तर मी एकच विचारतो.

"काय विचारता?"

"म्हणतो, त्याचा फ्रिज पाह्यला का?"