गूळ खाल्लेली रायफल

जर्मनची लढाई संपली आणि कोल्हापुरातल्या बऱ्याच सरदारमंडळींना शौर्याचा उमाळा आला. लढाई चालू असताना तो कुठं दडून बसला होता, ते विचारायची सोय नव्हती. महाराजांच्या राज्यात शिकारीचा शौक वरपासून खालपर्यंत झिरपला होता. ज्याला ससा उठवता येत नव्हता, तोही मिशीला पीळ देऊन गव्याच्या गोष्टी करायचा. आम्ही पिढीजात शिकलगार. आजोबांनी तलवारींना धार लावली, वडिलांनी ठासणीच्या बंदुका दुरुस्त केल्या, आणि माझ्या नशिबी एक जहागीरदार आले.

त्यांनी कुठल्याशा लिलावातून एक जर्मन फौजी रायफल उचलून आणली होती. लढाईत हाती लागलेली, सरकारनं नको म्हणून काढून टाकलेली. लाकूड पार खरवडलेलं, पण पोलाद असलं की मी बघतच राहिलो. काडतूस आत ढकलायचा बोल्ट मागंपुढं सरकवला तर आवाज म्हणून होत नव्हता. जहागीरदारांनी मात्र नाक मुरडलं.

"ह्या नळीत माझी करंगळी बी जात न्हाय," ते म्हणाले. "गव्याला काय गुदगुल्या करायच्यात? अंगठा गेला पायजे."

"सरकार, अंगठा जायचा असला तर तोफखान्यात इचारा," मी म्हणालो. त्यांना ते कौतुक वाटलं.

शेवटी मुंबईच्या एका दुकानातून मोठ्या काडतुसाची जाड नळी मागवली. ती जुन्या सांगाड्यावर बसवायची, आणि तिच्या बुडाशी काडतूस जिथं बसतं ते घर हातानं कोरून काढायचं. हे काम म्हणजे जिवाला घोर. घर केसभर सैल झालं तर काडतूस आतल्या आत फाटतं, केसभर घट्ट झालं तर बोल्ट मिटत नाही. मी रिकाम्या काडतुसाला दिव्याची काजळी धरायचो, आत घालून बाहेर काढायचो, काजळी पुसली जाईल तिथं पुन्हा थोडं कोरायचो. जेवायला बसलो तरी बोटं तोच अंदाज घेत असायची. बायको म्हणायची, भाकरी तरी सरळ धरा.

एवढं जीव ओतून करायचं कारण होतं. दरबारच्या शिकारखान्यातले एक अधिकारी मधूनमधून दुकानात डोकावायचे. एकदा त्यांनी बोल्ट हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "मिस्त्री, ही जर गव्यावर वाजली, तर तुमची जागा शिकारखान्यात. मी सोता बगाय येतो." मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. दरबारी शिकारीच्या बंदुका माझ्या हाताखालून जातील, या कल्पनेनं मी रस्त्यानं चालताना उगाच छाती काढायला लागलो.

इकडे जहागीरदारांच्या फर्माइशी थांबेनात. खांद्याला टेकवायचा दस्ता शिसवीचा हवा. त्यावर चांदीचा मोर हवा. मोराशेजारी वाघ हवा. मोराची आणि वाघाची गाठ का पडावी, हे मी विचारलं नाही. पोट पुढं आणि हात आखूड, म्हणून दस्ता दोनदा कापावा लागला. पुढं धक्क्याची भीती वाटली, तर चपला करणाऱ्याकडून म्हशीच्या चामड्याची जाड गादी शिवून दस्त्याच्या टोकाला ठोकली. गवा पाडायला निघालेल्या माणसाचा खांदा इतका नाजूक असतो, हे मला तेव्हा कळलं.

काम पुरं झालं. मी म्हणालो, एकदा माळावर नेऊन वाजवून बघू. जहागीरदार खवळले.

"पैली गोळी गव्यालाच. तिचा मान हाय की त्यो. माळावरच्या धोंड्याला देऊ व्हय?"

आणि खंडेनवमीच्या सकाळी त्यांची माणसं येऊन रायफल घेऊन गेली. हत्यारांच्या पूजेत ती मधोमध हवी होती. शिकारीच्या आधी एकदा मला दाखवा, असं मी बजावून सांगितलं. निरोप आला, देवीपुढं ठेवलेलं हत्यार तिथनं थेट रानातच जाईल, मध्ये कुणी हात लावायचा नाही.

पावसाळा सरल्यावर गगनबावड्याच्या रानात जनावर उठवायचा हाका ठरला. जहागीरदार मचाणावर, त्यांच्या एका बाजूला अधिकारी, मागं काडतुसांची पेटी धरून मी. रायफल शेल्यात गुंडाळलेली होती. शेला सोडला तेव्हा लाकडावर हळदकुंकवाची बोटं दिसली, त्याचं मला काही वाटलं नाही. तलवारीला लावतात, बंदुकीला लावलं. खालून डबे वाजायला लागले. जहागीरदारांनी हात मागं केला, मी काडतूस दिलं, आणि कारवीच्या झुडपातून गवा बाहेर आला.

काळाभोर, पांढऱ्या पायांचा, अगदी समोर. थांबला. आमच्याकडं आडवा उभा राहून चघळत राहिला. याहून जास्त मदत कुठला गवा करणार?

जहागीरदारांनी बोल्ट ढकलला. तो बोटभर अलीकडंच अडला. त्यांनी तळहातानं ठोकला. घर केसभर घट्ट राहिलं का? पण मी तर काजळी लावून लावून बघितलं होतं. त्यांनी पुन्हा ठोकला, आणि एकदम "आयाया" करून हात झटकला. बोल्टच्या खाचेतून तांबड्या मुंग्या रांग धरून बाहेर येत होत्या.

"आत काय घातलंयसा?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"गूळ," जहागीरदार म्हणाले. "निवद दाखवाय नको व्हय? भटजी म्हनले, हत्याराच्या मुखी लावा. आता काडतूस जिकडनं खाती, तिकडंच तिचं त्वांड न्हवं?"

तूप लावलेला आमच्याच मुलखातला उत्तम गूळ, मी जीव जाळून कोरलेल्या घरात वितळून, पसरून, दगडासारखा बसला होता. गव्यानं शेपूट हलवली आणि तो रानात निघून गेला.

मला वाटलं, आता हसं होणार आणि खरं काय ते सगळ्यांना दिसणार. मी जहागीरदारांना कमी लेखलं होतं. त्यांनी रायफल कपाळाला लावली, डोळे मिटले आणि हाकेवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गवा म्हंजी गायीचाच भाऊ. आईनं माझा हात धरला!" खाली लोकांनी जयजयकार केला. काही बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणे.

अधिकारी उतरताना माझ्याजवळ थांबले. त्यांनी मुंग्याही बघितल्या होत्या, गूळही ऐकला होता. "काय करू मिस्त्री," ते म्हणाले, "बंदूक वाजंल म्हनून मी शब्द दिलता. ती वाजलीच न्हाय." शिकारखान्यात दुसराच माणूस लागला.

ती गोष्ट मात्र शिरोळपर्यंत पोचली. शिकारी माझ्या दुकानावरून हसत जायचे. एक जण तर दारात उभा राहून म्हणाला, "पावणं, तुमच्या बंदुका लई धार्मिक हायत म्हनं. आमाला जरा पापी पायजे." मी त्याला हाकलून दिलं आणि मग दिवसभर कानशी आपटत बसलो. फार राग आला होता, आणि त्याहून जास्त रडू.

रायफल जहागीरदारांच्या देवघरात गेली. दर खंडेनवमीला मला बोलावणं येतं, नारळ मिळतो. पहिल्या वर्षी मी पुढं होऊन म्हणालो, बोल्ट तेवढा उघडू द्या, आत गंज चढेल. जहागीरदारांनी प्रेमानं माझा हात धरून मागं सारला.

"लांबनं, मिस्त्री, लांबनं. सोवळ्यातलं हाय ते."

लोक अजून विचारतात, खरंच देवीनं हात धरला का? मी व्हय म्हणतो. दुसरं काय म्हणू? गूळ नसता तर ती रायफल वाजली असती की नाही, हे मलाही अजून ठाऊक नाही.