मिटलेलं प्रवाळ

लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा माझ्या सामानात एक काचेची टाकी होती. साताऱ्याला असताना हौसेनं पाळलेले दोन समुद्री मासे आणि एक जिवंत प्रवाळ. "सुनेनं माहेराहून समुद्र आणला," म्हणून शेजारपाजारी हसले. सासरे हसले नाहीत. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून ते कुणाशी फारसं बोलत नसत, पण दुपारी टाकीपुढे खुर्ची ओढून बसायचे आणि प्रवाळाची ती हिरवी बोटं पाण्यात डुलताना बघत राहायचे.

या एप्रिलात प्रवाळ मिटायला लागलं. बोटं आत गेली, रंग उडाला. मी मुळातच तापट. दिव्याला बोल लावला, पंख्याला लावला, टाकीचं सामान देणाऱ्या दुकानदाराला तर फोनवर सोलून काढलं. मग पाण्याचा खारटपणा मोजून पाहिला, तर तो भलताच वाढलेला. मी तर रोज नुसतं गोडं पाणीच वरून घालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा टाकीशी उभे दिसले. एका हातात तांब्या, दुसऱ्यात मूठभर मीठ.

"आवं आबा, हे काय?"

"उन्हानं पानी कमी व्हतंय, म्हनलं भर घालावी. समुद्राचं जित्राब हाय. आळणी पानी कसं पचंल त्येला?"

"पाणी उडून जातं आबा, मीठ उडत नाही. ते मागंच राहतं."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांचं नदीकाठचं रान असंच गेलं होतं. उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी पाजलं, क्षार वर आले आणि जमीन पांढरी पडली. आबांनी मूठ हळूच उघडून मीठ शेजारच्या ताटलीत टाकलं.

"रान बी ह्याच हातानं घालवलं," ते म्हणाले. "आता ह्ये तुजं."

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची अंगणात गेली. माझा राग कुठल्या कुठे पळाला. आबांची इतकी माया कधी आली नव्हती. प्रवाळ जगायला हवं होतं, आणि ते आता माझ्या हौसेसाठी नव्हतं.

खारटपणा एकदम उतरवला तर ते मरतं. म्हणून रोज थोडं पाणी काढायचं आणि तितकंच गोडं घालायचं. मी तांब्या भरून अंगणात गेले.

"मला घाई फार आबा. धार तुम्हीच धरा."

"माज्या हातात देऊ नगंस, पोरी."

मी दिलाच. ते उठून टाकीशी आले आणि धार बारीक धरली. रोज तेच. प्रवाळाची एक फांदी गेलीच, तिथं नुसता पांढरा सांगाडा उरला. बाकीचं काही हलेना. मी मनातून हरले होते, त्यांना तेवढं कळू दिलं नाही.

एके सकाळी आबा पाणी घालत होते आणि उरलेल्या फांदीतून एक बोट बाहेर आलं. मग दुसरं. आबांनी श्वास रोखला, डोळे पुसले नाहीत, तसेच बघत राहिले. तांब्या रिकामा झाला तसा मी घ्यायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उद्याचं पानी मीच घालनार. तू हात लावू नगंस."

"आबा, टाकी माझी आहे!"

"आसंल," म्हणाले, आणि खुर्ची आणायला अंगणात गेले.